घंटेचा षड्ज

“तर मग, ‘मठास पवनचक्क्यांचा काहीही उपद्रव नाही’ असे लिहून देऊ ना, महाराज?”

विश्वंभराने कागद पुढे केला. बारा वर्षे तो सोमगिरी महाराजांपाशी गायन शिकत होता. मठाचा पत्रव्यवहारही तोच पाहत असे.

दारात ठकूबाई उभी होती. तिच्या हाती पठारावरील वस्तीचा अर्ज होता : घरांलगतच्या तीन चक्क्या रात्री बंद ठेवाव्यात. चौकशीचे साहेब दुपारी येणार होते आणि मठ जे लिहून देईल तेच प्रमाण मानणार होते.

“चार म्हैनं झालं, डोळ्याला डोळा न्हाई,” ती म्हणाली. “उशी कानावर दाबली, तर घूं घूं उशीतनंच येतंय. सून लेकराला घिऊन म्हायेरी गेली, ती परतंना.”

“बाई, आवाज चक्कीत नसतो, मनात असतो,” विश्वंभर म्हणाला. “मी तिच्या सावलीत बसून रोज चार तास रियाज करतो. मला तो ऐकूही येत नाही.”

“तुमचं मन मोठं, बाबा. आमचं आपलं उशीएवढं.”

महाराज हसले.

“विश्वंभरा, तानपुरा लाव.”

गाभाऱ्यातील पंचधातूच्या घंटेवरून तानपुरा लावावा, असा मठाचा प्रघात होता. विश्वंभराने तो वर्षापूर्वीच सोडला होता. घंटा आपल्या कानातच आहे, असे तो म्हणे.

त्याने डोळे मिटून खुंट्या पिळल्या. तारा गुंजू लागल्या.

“निर्दोष,” तो स्वतःच म्हणाला.

महाराज उठले. गाभाऱ्यात जाऊन त्यांनी घंटेवर एक टोल दिला.

…

दोन स्वर जुळेनात. तार किंचित खाली होती.

“घंटाच बिघडली असावी, महाराज.”

“दोनशे वर्षे बिघडली नाही. आज तुझ्यासाठी बिघडली?”

त्याने तारा उतरवल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा त्या तेथेच येऊन थांबल्या. तिसऱ्या खेपेस त्याच्या कपाळावर घाम होता.

“माझा कान… सारखा तेथेच का जातो?”

महाराजांनी तारांवर तळहात ठेवला. तारा निमाल्या.

स्वर निमाला नाही.

खिडकीतून, पठारावरून, घूं घूं करत तो तसाच येत राहिला.

विश्वंभराने खिडकीकडे पाहिले, मग तानपुऱ्याकडे.

“तार तर थांबली आहे… मग हे कोण वाजवते?”

“आवो, त्येच इचारतोय आमी,” ठकूबाई म्हणाली.

“पण मला तो ऐकू येत नव्हता… मग तार त्याला कशी मिळाली?”

महाराजांनी त्याने बाजूला ठेवलेला कागद उचलला, त्याची चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या समईखाली सारली.

“मग आता साहेबांना काय लिहून देऊ?”

“मठाचे मी लिहितो. तू बाईंच्या अर्जावर सही कर.”

विश्वंभराने अर्ज पाहिला. खाली, झोप न लागणाऱ्यांच्या नावांसाठी, रकाना आखलेला होता. तो गोंधळून हसला.

“महाराज, मला तर गाढ झोप लागते…”

“म्हणूनच तुझे नाव पहिले.”