बिननावाची चकती

एका गावात एक कल्हईवाली राहत होती आणि त्या गावाला एक खोड होती. कुणी काही दिलं, की आधी त्यावर स्वतःचं नाव कोरून घ्यायचं. देवळाच्या पायऱ्यांवर नावं, घंटेवर नाव, पारावरच्या बाकावर नाव. पंगतीत आमटी वाढायच्या पळीवर तर एकाच घराण्याच्या तीन पिढ्या कोरलेल्या होत्या आणि ती घासताना बायकांची बोटं खरचटत. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव एवढं ठसठशीत असे, की ती पुढे दुसऱ्या कुणाला देण्याची सोयच उरत नसे. घरोघरचे माळे अशा भांड्यांनी भरून गेले होते.

कल्हईवालीला या नावांचं फारसं कौतुक नव्हतं. ती तांब्या-पितळेची भांडी आतून लख्ख करायची आणि नावं असतात बाहेरून. नवरा वारला तेव्हा गावाला वाटलं, आता ही माहेरी जाईल. ती गेली नाही. तिने पदर खोचला, खड्डा खणून त्यात कोळसे पेटवले आणि भाता स्वतःच ओढायला लागली. चार दिवस लोकांनी नाकं मुरडली, पाचव्या दिवशी पातेली आणून दिली.

वर्षातून एकदा ती डोंगरापलीकडे जायची. तिथे राजाचा अनाथाश्रम होता आणि तिथल्या मोठाल्या भांड्यांना कल्हई करायचं काम तिच्याकडे होतं. एका वर्षी काम उरकून ती हात धूत होती, तर एक पाच वर्षांची मुलगी पातेल्यात डोकं घालून उभी.

"यात एक डाग राहिलाय," मुलगी म्हणाली.

वीस वर्षांत तिच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. ती फणकाऱ्याने उठली, पातेलं उजेडात धरलं, तर खरंच तळाशी मसुराएवढा डाग. तिने निमूटपणे पातेलं पुन्हा तापवलं. मुलीचं नाव येसू. पुढच्या वर्षी आश्रमात शिरल्या शिरल्या कल्हईवालीने भांड्यांआधी येसूला शोधलं. तिसऱ्या वर्षी परत निघताना तिचा पाय निघेना. ही पोर आपली आहे, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि सरळ कारभाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"कारभारीबाबा, मला येसूला दत्तक घ्यायचंय. एकट्या बाईला देता का?"

कारभारी म्हातारे होते, नियमाला पक्के होते. "नियमात बाई की पुरुष असं काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "दोनशे रुपये हमी भरायची, असं लिहिलंय. आणि पोर आठ वर्षांची व्हायच्या आत न्यायची. आठ पूर्ण झाली, की ती किल्ल्यावरच्या मुदपाकखान्यात कामाला जाते. मग कुणालाच मिळत नाही."

"येसूला आठ कधी पूर्ण होतात?"

"चैत्री पौर्णिमेचा दिवस मावळला, की."

तीन महिने उरले होते. कल्हईवालीने दोनशे रुपये एकत्र कधी पाहिलेसुद्धा नव्हते.

ती गावात आली आणि पारावर सगळ्यांना जमवून तिने मदत मागितली. गाव काही वाईट नव्हतं. कुणी पाच म्हणालं, कुणी दहा. पाहता पाहता दीडशेपर्यंत आकडा गेला आणि तिचे डोळे भरून आले. मग सोनाराने तो प्रश्न विचारला, जो सगळ्यांच्या ओठांवर होता.

"नावं कुठे कोरायची?"

"कसली नावं?"

"देणाऱ्यांची. दाराच्या चौकटीवर म्हणावं, तर तुझं दार पडकं. त्यापेक्षा पोरीच्या पायात वाळे घालू, त्यांवर कोरू."

"दोन वाळ्यांवर किती नावं मावणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"मग दंडावर गोंदवू," सोनार म्हणाला. "गोंदलेलं मरेपर्यंत जात नाही." आणि तो हे अगदी मायेने म्हणाला.

कल्हईवाली हसली. मग तिच्या लक्षात आलं, की हसणारी आपण एकटीच आहोत. बाकीचे लोक कुणाचं नाव वरच्या ओळीत यावं याचा विचार करत होते. तिचं हसू गेलं आणि कानशिलं तापली.

"पायरीवर कोरा, पळीवर कोरा. माझ्या पोरीच्या अंगावर कुणाचं नाव लागणार नाही."

"घ्या. आपण द्यायला निघालो आणि हिचाच तोरा," सोनार म्हणाला. सगळ्यांनी धोतरं झटकली आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ती धुमसतच कामाला बसली. रागात हात जोरात फिरला आणि वितळलेल्या कथलाचा एक थेंब शेजारच्या दगडावर पडला. निवला तसा तो रुपयासारखा गोल आणि चपटा झाला. तिने तो उचलला, उलटून पालटून पाहिला आणि पुटपुटली, "मागायचं कशाला? विकते की."

मातीचा साचा करून तिने कथलाच्या दोनशे चकत्या ओतल्या. बाजाराच्या दिवशी चादर पसरून बसली. पुढ्यात एक भलंमोठं पातेलं ठेवलं. त्याच्या अर्ध्या भागाला कल्हई केलेली आणि अर्धा भाग काळाकुट्ट. जाणारा-येणारा थांबून विचारी, "बाई, अर्धं का सोडलंस?"

"उरलेलं काम तुमच्या घरी येऊन करीन. रुपयाला एक चकती घ्या. चकती ज्याच्या हातात, त्याच्या घरची वर्षभराची कल्हई मी करीन. कथील तुमचं, कष्ट माझे. ज्या दिवशी येईन त्या दिवशी दोघींना दुपारचं जेवण घालायचं."

"दोघी कोण?"

"मी आणि माझी लेक."

बाजाराला भरपूर करमणूक झाली. जी घरात नाही तिच्या जेवणाची बोली आधीच लावणारी बाई कुणी पाहिली नव्हती. शेवटी एका बाईने चकती हातात घेतली आणि म्हणाली, "यावर माझं नाव घालून दे."

"नाव घालणार नाही."

"मग ही माझी आहे हे कसं कळणार?"

"तुमच्या हातात आहे तोवर तुमची. लेकीला दिलीत, की लेकीची."

बाई विचारात पडली. तिच्या लेकीच्या सासरी भांडी काळी पडली होती आणि नाव घातलेली चार घंगाळं माळ्यावर पडून होती, ती काही लेकीला पाठवता येत नव्हती. तिने दोन चकत्या घेतल्या. एक स्वतःला, एक लेकीला. लेकीने ती जावेला दिली, जावेने बाळंतपण करणाऱ्या सुईणीला. त्या गावात पहिल्यांदाच अशी भेट आली होती, जी पुढे देता येत होती. लोकांना त्याची भलतीच गंमत वाटली आणि चकत्या खपायला लागल्या.

एवढ्यावर ती थांबली नाही. गावाच्या खोडीकडूनही तिने चार पैसे काढले. माळ्यावरचं काजळी धरलेलं एखादं भांडं ती पारावर आणून ठेवी आणि विचारी, "काजळीखाली कुणाचं नाव आहे, ओळखा. एका अंदाजाला एक आणा. बरोबर आलं तर भांडं फुकट घासून देईन." जी मंडळी धोतरं झटकून गेली होती, तीच रांग लावून उभी राहिली. प्रत्येकाला वाटे, आपल्याच आजोबांचं नाव निघणार. आण्या-आण्याने गाडगं भरलं आणि चकत्यांसाठी आणलेल्या कथलाची-कोळशाची उधारी त्यातून फिटली.

पौर्णिमेला आठ दिवस राहिले तेव्हा पन्नास चकत्या उरल्या होत्या. त्या दिवशी गावातले शेठ स्वतः तिच्या अंगणात आले. देवळाच्या निम्म्या पायऱ्या त्यांच्या नावाच्या होत्या आणि गावात कथील मिळे तेही फक्त त्यांच्याच दुकानात.

"उरलेल्या सगळ्या मी घेतो," शेठ म्हणाले आणि त्यांनी पन्नास रुपयांची थैली खाली ठेवली. "चकत्यांवर माझं नाव घाल. पोरीचं नाव बदल, माझ्या आईचं ठेव. आणि दरवर्षी आईच्या श्राद्धाला पोरीने माझ्या ओट्यावर येऊन पाया पडायचं. कुणाच्या पैशावर ती घरात आली, हे लोकांना दिसलं पाहिजे."

कल्हईवाली थैलीकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर तिचा हात पुढे झाला होता. आठ दिवस उरले होते आणि ती घाबरली होती. मुदपाकखान्याच्या धुरात बसलेली येसू तिला दिसायला लागली होती. नावाचं काय एवढं, तिला वाटलं, घरात आपण येसूच म्हणू. वर्षातून एक दिवस पाया पडली तर पोरीचं काय झिजणार? पण मग तिला कळलं, की झिजणार आहे. दरवर्षी थोडं थोडं झिजेल, आणि ज्या पोरीला मसुराएवढा डाग दिसतो तिला हेही दिसेल. एक दिवस ती विचारील आणि आपल्याला खाली बघावं लागेल.

तिने हात मागे घेतला.

"शेठजी, भांडं आतून खळखळून धुतल्याशिवाय मी कल्हईला घेत नाही. आत घाण राहिली, तर वरून कितीही कथील फिरवा, ते धरत नाही. हे पैसे माझ्या घरात धरणार नाहीत. उचला."

"तुझ्या तोऱ्यापायी पोर चुलीपुढे जन्म काढील."

"ती माझी काळजी. तुमची थैली उचला."

शेठ थैली घेऊन गेले आणि जाताना बाजारात सांगत गेले, की ज्याच्याकडे चकती असेल त्याला आपल्या दुकानातून कथील मिळणार नाही. झालं. कथलाशिवाय कल्हई कसली? चार दिवस एकही चकती खपली नाही. पाचव्या दिवशी कल्हईवाली पाणवठ्यावर आली, ती डोळे सुजवून. बायकांनी तिला वाट करून दिली. एक म्हातारी घागर खाली ठेवून म्हणाली,

"देवळाची तिसरी पायरी आहे ना, ती माझ्या पाटल्या मोडून बांधलीय. नाव मात्र आमच्या यांचं. चाळीस वर्षं झाडतेय मी ती पायरी."

"आमच्याकडची घंटा माझ्या दुधाच्या पैशांची," दुसरी म्हणाली. "तिच्यावर सासऱ्यांचं नाव."

 बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"बिननावाचं द्यायची सवय आहे गं आम्हाला," म्हातारी म्हणाली. "जन्मभर तेच केलं. दे एक चकती."

"आजी, कथील मिळणार नाही तुम्हाला."

"नदीपलीकडे बाजार भरतो. पाय आहेत मला, आणीन."

मग डाळीच्या डब्यांच्या तळाशी दडवलेले पैसे बाहेर निघाले. अंड्यांचे, ताकाचे, गोधड्या शिवल्याचे. तीन दिवसांत पंचेचाळीस चकत्या गेल्या. पौर्णिमेच्या सकाळी कल्हईवाली निघण्याच्या तयारीत होती आणि कमी पडणारे पाच रुपये कुठून आणावेत हे तिला सुचत नव्हतं, तेवढ्यात मागच्या दाराने शेठाणीबाई आत आल्या. त्यांनी कनवटीचे पाच रुपये काढून पाटावर ठेवले.

"नाव घालत नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही घालत."

"मग बरं," शेठाणीबाई म्हणाल्या आणि पाच चकत्या कनवटीला लावून आल्या तशा निघून गेल्या.

उन्हं चढायच्या आत कल्हईवाली आश्रमात पोचली. कारभाऱ्यांनी पैसे मोजले, वही उघडली, लेखणी शाईत बुडवली.

"देणगी कुणाची म्हणून लिहू?"

"देणगी नाही, बाबा. मजुरी आहे, काम करायच्या आधी घेतलेली. दोनशे घरं माझी वाट बघतायत."

कारभाऱ्यांनी चाळीस वर्षांत असं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी जरा विचार केला, मग वहीत "मजुरी" असं लिहिलं आणि येसूला हाक मारली. येसू गाठोडं घेऊन आली. केस चापूनचोपून बांधलेले, चेहरा गंभीर. फाटकाबाहेर पडल्यावर तिने गाठोडं खाली ठेवलं.

"आता मी कुणाकुणाच्या पाया पडायचं?" तिने विचारलं.

"कुणाच्याही नाही."

"पैसे ज्यांनी दिले त्यांच्या?"

"पैसे मी आणले. त्यांचं काम मी करीन. तुझ्या डोक्यावर त्यातलं एका पैशाचंही ओझं नाही."

येसूने तिच्याकडे रोखून पाहिलं. खरं बोलतेय की नाही, हे तपासायला तिला बराच वेळ लागला. मग ती रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली आणि म्हणाली, "मला भूक लागलीय."

आश्रमात घंटा झाल्याशिवाय भूक लागली असं म्हणायची पद्धत नव्हती. येसू ते पहिल्यांदाच म्हणाली होती आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली होती. कल्हईवालीने शिदोरी सोडली. पोर पोटभर जेवली, तीन भाकऱ्यांतल्या दोन तिनेच संपवल्या आणि पिठल्यात मीठ कमी आहे, असंही बजावून सांगितलं. त्या आईला एवढा आनंद झाला, की उरलेली भाकरीही तिने पोरीपुढेच सरकवली.

तात्पर्य एवढंच: मूल घरी आणण्यासाठी हवी ती युक्ती करावी, हवे तेवढे कष्ट उपसावेत, पण ज्या पैशासाठी उद्या मुलाला मान खाली घालावी लागेल, तो पैसा कितीही नड असली तरी दारातूनच परत पाठवावा.