सतराव्या ओळीवर बोट

"पण त्यातली बरोबर कोणती, भन्ते?"

मृणालने तिसऱ्यांदा तेच विचारलं. आता आवाज जरा चढला होता.

भन्ते उपसेन विहाराच्या पायरीवर बसून चिवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी सुई उजेडाकडे धरली, दोरा ओवला.

"कितीतली?"

"चौतीस."

"अरे वा," भन्ते म्हणाले, आणि शिवू लागले.

मृणाल खोब्रागडे नागपुरात बारा वर्षं संगणकाच्या कामात होती. तिचं गाव भंडाऱ्याच्या अलीकडे, आणि गावाबाहेरच्या तलावाकाठी, टेकडीवर हा विहार. विहाराला लागून एक अभ्यासिका. मे महिन्यात एका कॉलेजने आपले जुने चौदा संगणक अभ्यासिकेला दिले. ते सुरू करून द्यायचं मृणालने सगळ्यांसमोर, माईकवर, कबूल केलं. पंधरा दिवसांत, असं म्हणाली होती.

आता आश्विन लागला होता. संगणक चादरींखाली झाकलेले होते.

त्यांत बिघडलेलं काही नव्हतं. संगणक चालवणारी जुनी प्रणाली त्यांवर चालेनाशी झाली होती, तिच्या जागी लिनक्स घालायचं होतं. लिनक्स फुकट मिळतं. कुणीही घ्यावं, आत उघडून बघावं, हवं तसं बदलावं. त्यामुळे ज्याने त्याने बदलून आपापलं वेगळं केलेलं, आणि आता त्याच्या शेकडो तऱ्हा. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा... मृणालने त्यांतल्या चौतीस वेचून वहीत उतरवल्या होत्या. प्रत्येकीपुढे खुणा, शेरे, गुण.

"माझा अभ्यास पक्का आहे," ती म्हणाली. "हलकी कुठली, टिकाऊ कुठली, मराठी कुठल्या प्रणालीत नीट दिसतं... काहीही विचारा. या जिल्ह्यात याबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुम्ही बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. तुम्हाला यंत्रातलं कळतं. तुम्ही हो म्हणालात की..."

तिने वहीचं पान उलटलं.

"की?"

"की करून टाकते."

"बरं. पहिली घाल."

"पहिली दर सहा महिन्यांनी बदलते, भन्ते. इथे कोण सांभाळणार?"

"दुसरी घाल."

"दुसरी वर्षानुवर्षं बदलतच नाही."

"तिसरी?"

"तिसरी चांगली आहे. पण अकरावी तिच्याच घराण्यातली आणि तिच्याहून हलकी आहे. आणि अकरावीचं असं आहे..."

भन्तेंनी दातांनी दोरा तोडला.

"मृणाल," ते म्हणाले, "याआधी तुझ्या निवडीने कुणाचं काय बिघडलं होतं?"

...

तलावाच्या कडेला कुणीतरी बैल धूत होतं. पाण्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"एका दवाखान्यात," ती म्हणाली. "मी नवीन होते. नोंदणीसाठी प्रणाली मी निवडली. साहेबांना ठासून सांगितलं होतं, हीच घ्या. चालू केली त्याच दिवशी बंद पडली. दोन दिवस केसपेपर निघेना. रांग पार रस्त्यापर्यंत. एक म्हातारे गृहस्थ उभे होते ते खालीच बसले."

"वारले?"

"नाही. पाणी दिलं त्यांना. बरे झाले, घरी गेले. पण बसल्या बसल्या माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीतही नव्हतं माझ्यामुळे झालंय ते. नुसतं बघत होते."

"तू काय केलंस?"

"मी... डोकं दुखतंय सांगून घरी गेले. दुसऱ्यांनी दुरुस्त केलं."

भन्तेंनी शिवलेली कड ओढून बघितली.

"तेव्हापासून मी अभ्यासाशिवाय काही निवडत नाही," मृणाल म्हणाली. मान ताठ होती तिची.

तेवढ्यात तीन वाजले. टेकडीच्या पायवाटेने बायका वर येऊ लागल्या. नऊजणी होत्या. दर दुपारी येत असत. त्यांनी अभ्यासिकेच्या ओसरीवर सतरंजी टाकली, ओळीने बसल्या, आणि प्रत्येकीने पिशवीतून एक पुठ्ठा काढून मांडीवर ठेवला.

पुठ्ठ्यांवर स्केचपेनने चौकोन काढलेले होते. चौकोनांत अक्षरं.

एकीने वर्तमानपत्रातून वाचायला सुरुवात केली. बाकीच्यांची बोटं पुठ्ठ्यांवर चालू लागली. आवाज काहीच नाही. फक्त वाचणारीचा.

"हे काय?" मृणालने विचारलं.

"टायपिंग," भन्ते म्हणाले. "सरकारी परीक्षा आहे त्यांची. सहा आठवडे राहिलेत."

"पुठ्ठ्यावर?"

"संगणक झाकलेले आहेत ना."

मृणालने वही मिटली.

कडेला बसलेली वनिता मेश्राम सदतीस वर्षांची होती. अंगणवाडीत मदतनीस. तिला कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता, त्याला टायपिंगचं प्रमाणपत्र लागत होतं. वयाची अट बघता तिच्याकडे ही एकच परीक्षा उरली होती. तिची करंगळी पुन्हा पुन्हा एकाच चौकोनावर जात होती. तिथलं अक्षर पुसट झालं होतं.

"वनिता, इकडे ये," भन्तेंनी हाक मारली.

ती पदर सावरत आली. भन्तेंनी मृणालच्या हातातली वही घेतली, उघडली, तिच्यापुढे धरली.

"यात कुठंही बोट ठेव."

"कुठं जी?"

"कुठंही."

वनिताने एकदा भन्तेंकडे, एकदा मृणालकडे बघितलं. मग डोळे मिटून बोट ठेवलं.

सतरावी ओळ.

"ही घाल," भन्ते मृणालला म्हणाले.

"थट्टा करताय माझी?"

"नाही."

"पाच महिने घातलेत मी यात. सतरा नंबरला माझ्या हिशोबाने निम्मेही गुण नाहीत. आणि ही काय निवड झाली?"

"नाही झाली."

"मग?"

"ही घाल. आत्ता. या नऊजणी समोर बसतील."

"आणि चुकीची निघाली तर?"

भन्तेंनी वही तिच्या हातात परत दिली. ते उठले, अभ्यासिकेत गेले, आणि पहिल्या संगणकावरची चादर ओढून काढली. मग दुसऱ्यावरची. मग तिसऱ्यावरची... चौदाही चादरी गोळा करून खांद्यावर टाकल्या आणि धुवायला विहिरीकडे निघून गेले.

धूळ खाली बसायला थोडा वेळ लागला.

मृणाल उघड्या संगणकांपुढे उभी होती. मागे नऊजणी. कुणीतरी खुर्ची पुसून तिच्यासाठी पुढे सरकवली.

तिने पिशवीतून चौतीसही प्रणाली भरून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढला.

पहिला संगणक सुरू व्हायला पाऊण तास लागला. पडद्यावर निळा उजेड आला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मृणाललाही बरं वाटलं. तिने वनिताला बसवलं.

"नाव लिहा तुमचं."

वनिताने बोटं जागेवर ठेवली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या बोटांखाली काहीतरी हललं. ती हसली. मग तिने सावकाश, खाली न बघता, पाच कळा दाबल्या.

पडद्यावर अक्षरं उमटली.

विनता.

"मॅडम," वनिता म्हणाली, "माझं नाव विनता आलं जी."

परीक्षेत जुन्या टाइपरायटरची पद्धत. पहिली वेलांटी आधी दाबायची, अक्षर मागून. संगणकाने ती वेलांटी आधीच्याच अक्षराला चिकटवली होती.

"मी चुकली का?" वनिताने विचारलं.

...

मृणालचे कान तापले. नऊजणी तिच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. नुसत्या बघत होत्या.

तिचा हात पिशवीकडे गेला. घरी जाऊन बघते, असं म्हणता आलं असतं. त्यात काही खोटंही नव्हतं. दाराबाहेर पायवाट दिसत होती, आणि विहिरीजवळ भन्ते चादर आपटत होते, इकडे पाठ करून.

तिने पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "मी चुकले. मी कळांची मांडणी चुकीची लावली. थांबा, बघू काय करता येतं ते."

तिने दुसरी खुर्ची ओढली आणि वनिताच्या शेजारी बसली. काय उघडतेय, काय बदलतेय ते मोठ्याने बोलू लागली. एरवी ती काम करताना कुणाला जवळ उभं राहू देत नसे.

दुसऱ्या खेपेला अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले.

"पुठ्ठ्यावरचेच चौकोन आले की बाई," मागून समता म्हणाली. ती सगळ्यांत लहान, बावीस वर्षांची. एकदम हशा झाला. मृणालही हसली. हसत हसतच तिने पुढची मांडणी लावायला घेतली.

तिसऱ्या खेपेलाही जमलं नाही.

चौथ्या खेपेला वनिताने पुन्हा पाच कळा दाबल्या.

वनिता.

तिने ते एकदा वाचलं. मग पुन्हा लिहिलं. पुन्हा. पडद्यावरची ओळ भरली तेव्हा तिने पदराने डोळे टिपले आणि उठून समताला जागा दिली.

रविवारपर्यंत चौदाही संगणक सुरू झाले. सगळ्यांवर सतरा नंबर. मृणाल नागपूरला परतली.

परीक्षेत नऊपैकी सातजणी पास झाल्या. वनिता त्यांत होती. तिने अर्ज केला. उरलेल्या दोघी पुढच्या परीक्षेला बसायच्या होत्या, आणि त्यांना शिकवायला बाकीच्या रोज टेकडी चढत होत्या.

माघात मृणाल पुन्हा आली. अभ्यासिकेत शिरली आणि दारातच थांबली.

खिडकीकडच्या तीन संगणकांचा पडदा वेगळा होता. रंग वेगळे, मांडणी वेगळी.

"हे काय केलंत?"

वनिता उठून उभी राहिली. "हे तीन लई जुने आहेत जी. सतरा नंबर त्यांना जड जात होतं. समताने मोबाइलवर शोधलं, मग आम्ही दुसरं घातलं."

"कुणाला विचारून?"

"कोणाला म्हणजे... एकमेकींना."

"आणि बंद पडले असते तर?"

"पडले ना! एक तर दोनदा पडला. सगळंच पुसलं गेलं," समता म्हणाली. "आमच्या धड्यांची एक प्रत दुसऱ्या संगणकावर होती म्हणून बरं. नसतं जमलं तर परत सतरा नंबर घातलं असतं."

मृणाल एका संगणकापुढे बसली. प्रणालीचं नाव बघितलं. तिच्या वहीतल्या चौतिसांत ते नव्हतंच. तिने पंधरा मिनिटं सगळं उघडून, तपासून पाहिलं. एक खोट सापडली, ती तिने वनिताला दाखवली.

"हो, ती माहीत आहे," वनिता म्हणाली. "तिच्यावर उद्या बसणार आहोत."

मृणाल बाहेर आली.

भन्ते अंगण झाडत होते. पळसाची पानं गळू लागली होती. एका बाजूला ढीग झाला होता.

"वंदामि, भन्ते."

"ये. बघितलंस?"

"बघितलं." ती पायरीवर बसली. "त्यांनी माझं काढून दुसरं घातलं."

"हं."

"माझं चुकीचं होतं?"

"सातजणी पास झाल्या त्यावर."

"मग त्यांचं बरोबर आहे?"

"तीन दिवस झालेत. मला काय माहीत?"

झाडू पुन्हा चालू लागला. आतून कळांचा आवाज येत होता, एका लयीत नाही, नऊ लयींत.

"मला एक कळत नाही," मृणाल म्हणाली. "टायपिंग कसं लावायचं ते मी दाखवलं. चालू-बंद करायचं दाखवलं. पण निवडायचं कसं, हे मी त्यांना शिकवलंच नव्हतं."

भन्तेंनी झाडू थांबवला.

"शिकवलंस की," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर चुकलीस ना."