घोट्याची सुतळी

एकदा एक माणूस दमला. तुम्ही म्हणाल, यात कथा कसली? संध्याकाळी सातनंतर कुठलाही जिना पाहा, दमलेलीच माणसे चढत असतात. खरे आहे. पण हा माणूस लोकांना हसवून हसवून दमला होता, आणि तो रोज साडेसातला तुमच्याच घरी येऊन सोफ्यावर बसत होता. तेव्हा थोडी विचारपूस करणे तुम्हांलाही भाग आहे.

नाव चिंतामण. ज्याच्या नावात चिंता आहे त्याने विनोद सांगावेत, ही थट्टा त्याच्या आईवडिलांची. माझ्याकडे पाहू नका. तरुणपणी तो एका मोठ्या हॉटेलच्या नाइटक्लबात विनोद सांगत असे. तिथे विनोदवीराचे कर्तव्य ठरलेले असते. गाणारी बाई साडी बदलून येईपर्यंत आणि ड्रमवाला मागच्या दाराशी बिडी ओढून येईपर्यंत रिकामा मंच धरून ठेवायचा. समोर लोक जेवत असतात. हातात कोंबडीची तंगडी असलेल्या मनुष्याला हसवणे ही तपश्चर्या आहे. ऋषिमुनींनीसुद्धा ती टाळली आणि ते अरण्यात गेले. शहाणे होते.

ही विद्या चिंतामणला एका वृद्धाने दिली. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी त्याच मंचावर तीस वर्षे काढली होती. गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपली जागा शिष्याला दिली आणि स्वतः पडद्यामागे खुर्ची टाकून बसले. आता नवखा विनोदवीर एकच चूक करतो. लोक हसत असतानाच तो पुढचे वाक्य बोलतो. वाक्य हशात बुडते आणि मागोमाग तोही. म्हणून मास्तरांनी एक सुतळी घेतली. तिचे एक टोक त्यांनी चिंतामणच्या घोट्याला बांधले, दुसरे पडद्याखालून आपल्या हाती ठेवले. हशा आला की मास्तर ओढत, म्हणजे थांब. हशा ओसरला की सैल सोडत, म्हणजे बोल. दोन वर्षे तो असा बांधलेल्या बकरीसारखा विनोद सांगत उभा राहिला. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी गाठ सोडली. पायाला कळू लागले होते.

पुढे त्याला टीव्हीने उचलले. एका विनोदी मालिकेत तो सासरा झाला, आणि अकरा वर्षे सासराच राहिला. नावही गेले. रस्त्यात लोक हाक मारत ती 'अण्णासाहेब!' अशी. भाजीवाली भाव कमी करी, डॉक्टर फी घेत नसे आणि देवळातला पुजारी नारळ परत देई. मोठेपणा म्हणतात तो हाच. दुसरा असल्यास मला दिसलेला नाही.

फक्त चित्रीकरणाच्या जागी प्रेक्षक नव्हते. चार भिंती, तीन कॅमेरे आणि जांभया देणारे वीस लोक. हसायचे वाक्य बोलून झाले की दिग्दर्शकाचा साहाय्यक दोन बोटे वर करी. म्हणजे, अण्णासाहेब, दोन सेकंद थांबा. त्या दोन सेकंदांत पुढे हशा भरला जाई. हशा त्यांच्याकडे तयार असे, घरात लोणच्याच्या बरण्या असाव्यात तसा: लहान, मोठा, बायकांचा, टाळ्यांसहित. चिंतामणला तो कधी ऐकू येत नसे. तो नुसता थांबे. अकरा वर्षे रोज, दोन दोन सेकंद.

आणि मग तो सगळीकडेच थांबू लागला.

एकदा घरी तो म्हणाला, "मला ताप आलाय," आणि भुवया किंचित उंचावून थांबला. बायको गवार मोडत होती. वर न पाहता म्हणाली, "चांगला आहे. पुढचा सांगा." रात्री ताप एकशे तीनवर गेला तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला, आधी स्वतःच्या आणि मग त्याच्या.

हे हसण्यावारी गेले. पण पुढे त्याची आई वारली. दहाव्या दिवशी चाळीतले, नात्यातले लोक जमले, आणि कुणीतरी म्हणाले, मुलाने दोन शब्द बोलावेत. चिंतामण उभा राहिला. म्हणाला, "आई गेली." आणि थांबला. एक सेकंद. दोन सेकंद. मागून एक माणूस हसला.

सगळे वळून त्या बिचाऱ्याकडे पाहू लागले. तो तोंड लपवून चपला शोधायला गेला. पण चिंतामणला ठाऊक होते. हसणाऱ्याचा दोष नव्हता; जागाच तशी ठेवली होती. तो खाली बसला आणि पुढे आईविषयी कुणाजवळच काही बोलला नाही.

सहा महिन्यांनी नाइटक्लबच्या मालकाचा फोन आला. क्लब बंद होतोय. शनिवारी शेवटचा कार्यक्रम. "तुम्ही वीस मिनिटं करा, अण्णासाहेब. नुसते उभे राहिलात तरी हसतील." आणि ते खरे होते. गेल्याच महिन्यात एका समारंभात त्याने माइक हातात घेऊन नुसता घसा साफ केला होता, तर टाळ्या पडल्या होत्या.

तो मास्तरांकडे गेला. मास्तर आता एका खोलीत राहत. कोपऱ्यात टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्यावर चिंतामणच सोफ्यावर बसून बोलत होता.

"ये, चिंत्या," मास्तर म्हणाले. "दोन-दोन ठिकाणी असतोस हल्ली. चहा एकालाच मिळेल."

"आवाज बंद का, मास्तर?"

"शेजारच्या बाईचं दुखणं आहे. आणि तू काय बोलणार ते मला माहीत आहे. सुनेनं खीर जाळली."

"बरोबर."

"अकरा वर्षं जाळतेय. कुणीतरी तिला गॅस बारीक करायला शिकवा रे."

स्वयंपाकघरातून मास्तरांच्या पत्नीचा आवाज आला, "त्याला आत तरी येऊ द्या. आल्याआल्या सुरू."

चिंतामणने सगळे सांगितले. आईचा दहावा दिवस सांगितला, तो हसणारा माणूस सांगितला, शनिवार सांगितला. म्हणाला, "मास्तर, मी गेलो आणि लोक माझं थोबाड पाहूनच हसले, तर मला कळेल की माझ्यातलं सगळं संपलं. गेलोच नाही, तर न कळता मरेन. तुम्ही सांगाल ते करतो. जाऊ की नको?"

प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता. मास्तर ते पाहत होते. उत्तर न देता ते भिंतीला धरून उठले, फळीवरच्या डब्यातून एक जुनी सुतळी काढली, गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले, आणि आपल्या शिष्याच्या घोट्याला तिचे टोक बांधू लागले.

"हे काय, मास्तर? मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे."

"घोटा तेवढाच आहे. गप्प उभा राहा." दुसरे टोक हातात घेऊन मास्तर खाटेवर बसले. "हं. आता आई कशी गेली ते सांग."

"ते नको."

"मग शनिवारी जाऊ नकोस. चहा घे आणि जा."

चिंतामणने घोट्यावरच्या गाठीकडे पाहिले. मग म्हणाला, "शेवटचे आठ दिवस ती हॉस्पिटलात होती." आणि थांबला.

"मी ओढली?" मास्तरांनी विचारले.

"नाही."

"मग कुणासाठी थांबलास?"

"तिला माणसं ओळखू येत नव्हती." थांबला.

"मी ओढली?"

"नाही हो."

"मग?"

"ती मला..." थांबला.

"मी ओढली?"

"मास्तर, आई मेलीय माझी!" चिंतामण ओरडला. "थट्टा करताय? विचारताय ना, मग ऐका. तिच्या खाटेसमोर टीव्ही होता आणि साडेसात वाजले की ती उशीवर उठून बसायची, नर्स सलाईन बघायला मध्ये उभी राहिली की तिला म्हणायची, बाई, सर बाजूला, माझा चिंतू आलाय, आणि मी तिथेच होतो मास्तर, तिच्या शेजारी स्टुलावर, तिचा हात माझ्या हातात, आणि ती टीव्हीतल्या मला म्हणत होती की तो लाडू खाऊ नकोस, तुला साखर आहे, मी म्हटलं, आई, अगं मी इकडे आहे, इकडे बघ, तर ती माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, अहो, तुम्ही जरा गप्प बसता का, माझा मुलगा बोलतोय!"

स्वयंपाकघरात भांडे पडले. मास्तरांची पत्नी हसत होती. तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, हसू नये हे कळत असूनही आवरत नाही अशी हसत होती.

आणि चिंतामणच्या घोट्याला ओढ बसली.

तो थांबला. सुतळी ताणलेली होती. हसू ओसरेपर्यंत मास्तरांनी ती तशीच धरली; मग हलकेच सैल सोडली. तेव्हा चिंतामण मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. त्यात मधेच त्यालाही हसू येत होते. स्वयंपाकघरातून काकी डोळे पुसत दाराशी आल्या. "माफ कर रे बाबा," त्या म्हणाल्या. "पण काय बाई होती तुझी आई!"

"अशीच होती, काकी," तो म्हणाला. सहा महिन्यांत आईबद्दल तो आजच बोलला होता, आणि या वेळी वाक्याच्या शेवटी तो थांबला नाही.

मास्तरांनी त्याच्या पायाची गाठ सोडत सांगितले, "चिंत्या, थांबायला मीच तुला शिकवलं, म्हणून दोष अर्धा माझा. पण तेव्हा हसू यायचं म्हणून तू थांबायचास. आता तू थांबतोस म्हणून हसू येतं. पाहुणा दारात दिसला की पाट मांडावा. दिवसभर पाट मांडूनच ठेवला तर त्यावर कुत्रंसुद्धा येऊन बसतं, आणि त्या कुत्र्यावर रागावून उपयोग नाही. तू रोज मांडतोस, उचलतोस, मांडतोस, उचलतोस. मग दमणार नाहीस तर काय?"

"मग शनिवारी?"

"तू बोलत राहा. आलं तर येईल. नाही आलं तर वीस मिनिटं बोलून घरी ये. माणसाचं बोलणं वाया जात नाही." मग गालात हसून म्हणाले, "आणि खीर जाळू नकोस."

शनिवारी चिंतामण गेला. मंचावर पाऊल टाकताच टाळ्या पडल्या, तोंड उघडण्याआधी लोक हसले. तो थांबला नाही. त्या हशावरून सरळ बोलत राहिला. हशा गोंधळला, मग कमी झाला, मग नाहीसा झाला. काटेचमच्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. पुढच्या टेबलावरची एक बाई नवऱ्याला म्हणाली, "टीव्हीवर चांगले वाटतात, नाही?" बारा मिनिटे कुणी हसले नाही. घाम मानेवरून पाठीत उतरला. मालकाने घड्याळ पाहिले. चिंतामण बोलता बोलता आईच्या हॉस्पिटलपर्यंत येऊन पोचला होता. सलाईन, नर्स, स्टूल, लाडू. अहो, तुम्ही जरा गप्प बसता का.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक पोक्त वेटर ताटे घेऊन उभा होता. पंचवीस वर्षांत त्याने शेकडो विनोद ऐकले होते आणि एकावरही मान हलवली नव्हती. त्याच्या हातातली ताटे खुळखुळू लागली. तो हसला, मोठ्याने, मालकाची पर्वा न करता. त्याच्यामागून एक टेबल हसले, मग दुसरे, मग ती बाई.

चिंतामणच्या घोट्याला त्या दिवशी काही बांधलेले नव्हते. तरी ओढ बसली. तो थांबला, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच त्याने लोकांचे हसू शेवटपर्यंत ऐकले.

क्लब बंद झाला तो झालाच. सोमवारी चिंतामण पुन्हा मालिकेच्या सोफ्यावर बसला, कारण घर चालवायचे होते आणि सासरा दुसरा मिळत नव्हता. सुनेने खीर जाळली. साहाय्यकाने दोन बोटे वर केली. तो दोन सेकंद थांबला. तसाच, नेहमीसारखा; ते थांबणे नोकरीपुरते होते आणि आता त्याला ते ठाऊक होते. तुम्ही तो भाग पाहिलाही असेल. तुम्हांला फरक कळला नसणार. मला पण कळला नसता.

संध्याकाळी तो घरी आला. बायको विळीवर भोपळा चिरत होती.

"दमलोय गं," तो म्हणाला, आणि भुवया न उचलता, न थांबता, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

विळी थांबली. तिने वळून पाहिले.