गोड रंग आणि खारट दरड

बालमित्रांनो, सागाच्या एका रानात गव्यांचा कळप राहत असे. त्याच्या नायकाला, एका थोराड गव्याला, आपल्या अंगाच्या तकाकीचा भारी अभिमान होता. ओढ्याकाठी खारट मातीची एक दरड होती. सगळे प्राणी तिथे येत, जरा जीभ फिरवत आणि पुढच्याला जागा करून देत. गव्याला मात्र ही रीत दरिद्री वाटे.

एकदा रानाच्या कडेला कोणीतरी जुन्या दारांचा खरवडलेला रंग टाकून गेले. गव्याने तो चाखला, तर चक्क गोड. मग काय, स्वारी दरडीकडे फिरकेनाशी झाली. हळूहळू अंगावरची तकाकी उडाली, पाय लटपटू लागले, गवत पाहून मळमळू लागले. एक तरणा गवा पाणवठ्यावर त्याच्या पुढे उभा राहू लागला. दुखण्यापेक्षा नायकाला हेच जास्त झोंबले. आपली जागा जाणार या धास्तीने तो रानातल्या वैद्याकडे, अस्वलाकडे औषधाला गेला.

मोबदल्याचे मधाचे पोळे आधी ठेवून घेऊन अस्वल म्हणाले, "यकृतात रोज अंग आतून जाळणाऱ्या ठिणग्या उडतात. त्या विझवणारे पहारेकरी तिथेच असतात. त्यांना चिमूटभर जस्त आणि तांबे लागते, ते दरडीच्या मातीत आहे. तुझ्या गोड रंगात शिसे आहे. ते पंगतीतल्या आगंतुकासारखे जस्त-तांब्याच्या पाटावर बसते, काम करत नाही आणि उठतही नाही. रंग सोड, माती थोडी थोडी चाट."

गव्याने ऐकले आणि त्याला खरोखर हुशारी आली. तेवढ्यात तरण्याने झुंजीचे आव्हान दिले. थोड्या मातीने इतका गुण, तर पुष्कळ मातीने किती, असा हिशेब नायकाने मनाशी केला आणि तो रात्रभर चाटत राहिला. सकाळी तरण्याने नुसती शिंगे खाली केली, तोच नायक आपणहून आडवा झाला.

अस्वल धावत आले. "आता काय खाल्लेस?"

"तुम्ही सांगितलेले औषध, वैद्यबुवा."

"किती?"

गव्याने ओशाळून ओढ्याकडे पाहिले. तिथे दरड नव्हती, नुसता खड्डा होता.

"अरे, तांबेसुद्धा फाजील झाले की तेच ठिणग्या पाडते," अस्वल कपाळावर पंजा मारून म्हणाले.

गवा वाचला, पण नायकपण गेले. आता त्या खड्ड्यापाशी तो सगळ्यांच्या मागे उभा राहतो, जरा जीभ फिरवतो आणि निमूट बाजूला होतो.

तात्पर्य इतकेच : गोड लागते म्हणून विष खाऊ नये, आणि गुणाचे आहे म्हणून औषधही पोटभर खाऊ नये.