काडी वाकली, पण मोडली नाही

एका जंगलात, ओढ्याकाठच्या वारुळाच्या दाराशी एक म्हातारी मुंगी राखण करीत असे. मुलांनो, काम तसं साधंच. ओढा फुगला की दाराला चिखलाचं बूच मारायचं. पण उशीर झाला तर आतली अंडी बुडणार, आणि घाई झाली तर बाहेरच्या मुंग्या! त्यामुळे ओढ्याचा आवाज बदलला की म्हातारी उंबऱ्यावर येऊन उभी राहायची.

एके दुपारी ओढा गढूळ होऊन चढू लागला. दाणे आणायला पांगलेल्या मुंग्या धापा टाकत परतल्या आणि अंडी वर हलवायला तशाच आत धावल्या. "बारा ओझेवाल्या, आठ राखणदार आत आल्या!" चिखल मळणारी तरुण मुंगी म्हणाली. "तीन ओझेवाल्यांबरोबर दोन राखणदार, ही आपली रीत. हिशेब चोख बसला मावशी, मार बूच!"

"तुझी बहीण आली का गं?"

"आली असणारच. गर्दीत कुठं दिसतेय!"

"अगं, दहा गेल्या तरी हीच रीत, पन्नास गेल्या तरी हीच," म्हातारी म्हणाली. "सकाळी गेल्या किती, ते सांग की!" ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारीने शेजारच्या झाडावर चढत असलेल्या गोगलगाईला हाक मारली. "आजी, आमच्या पोरी जाताना पाहिल्यास का?"

"नजर अधू झाली बाई, मोजल्या नाहीत," गोगलगाय म्हणाली. "पण तुमच्या वाटेतल्या चरावर जी काडी पुलासारखी आडवी पडलीय, तिच्याखाली माझा मुक्काम. विसापर्यंत मुंग्या एकदम चढल्या तर काडी ढिम्म हलत नाही. आज सकाळी त्या जाताना चांगली वाकली. तीस चढल्या असत्या तर मोडून माझ्या पाठीत बसली असती. तशी मोडली नाही."

"म्हणजे एकवीस असतील, नाहीतर एकोणतीस!" तरुण मुंगी करवादली. "याचा काय उपयोग?"

"नुसत्या याचा नाही, नुसत्या रीतीचाही नाही. दोन्ही एकत्र धर," म्हातारी म्हणाली. "विसाहून जास्त, तिसाहून कमी, आणि टोळ्या पाचापाचांच्या. पंचवीसच! पाचजणी बाहेर आहेत. त्या आल्या की बूच. आधी नाही, आणि नंतर क्षणभरही नाही."

पाणी उंबऱ्याला लागलं. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. इतक्यात गवतातून पाच मुंग्या धडपडत आल्या. शेवटची लंगडत होती, ती तरुण मुंगीची बहीण! ती आत पडली आणि म्हातारीने बूच ठोकलं. बाहेर पाणी आदळलं, पण आत थेंबही आला नाही.

तरुण मुंगी रडतच म्हातारीच्या पाया पडली. "मावशी, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी! तू होतीस म्हणून माझी बहीण मला मिळाली."

"मी एकटी काय करणार होते? अर्धं उत्तर तू दिलंस, अर्धं आजीने. तिचे उपकार विसरू नकोस."

पाणी ओसरल्यावर दाण्यांना गेलेल्या त्या साऱ्याजणी तोंडात कोवळ्या पानाचे तुकडे धरून गोगलगाईकडे निघाल्या. चरावर अडकून राहिलेली काडी पुन्हा वाकली. खालून गोगलगाय ओरडली, "अगं, इतक्या कशाला आलात? मोडेल ना!"

"नाही मोडायची, आजी," लंगडी मुंगी वरून म्हणाली. "आम्ही पंचवीस आहोत. तुझ्यामुळे पंचवीस आहोत."

तात्पर्य : अर्ध्या माहितीवर दार लावू नये, उरलेली अर्धी विचारून घ्यावी, आणि जिने ती दिली तिचे ऋण मानावे.