शपथेबाहेरचा ससा

"राज्यातले झाडून सारे मोबाइल उद्या विहिरीत!"

घोंगडगडच्या रंगोजीराव महाराजांनी हुकूम सोडला आणि दरबारात जो तो आपापला मोबाइल चाचपू लागला. झालं होतं काय, महाराज भर दरबारात स्वतः रचलेला पोवाडा गात होते. आवाज चढवला, हात उंचावला, आणि नेमका दिवाण अंताजीपंतांच्या अंगरख्यात कोंबडा आरवला. कुकूचकू! मोबाइलच तो! दरबार फिस्सकन हसला. मग काय, महाराजांचा पारा चढला तो चढलाच. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ऐकायचे नाहीत.

"या डबड्यांनी माणसं तोडली!" महाराज गरजले.

"महाराज, माझा नका बुडवू!" गर्दीतून एक पोरगी पुढं घुसली. ही बुरडाची येसू. सुपं-टोपल्या विणायची आणि मोबाइलवर त्यांचे फोटो टाकून गावोगाव विकायची. पण तिला टोपल्यांची फिकीर नव्हतीच. "माझ्या बहिणीला, ठकूला, जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. दिली बारा कोसांवर, सोनपिंपळीला. चिठ्ठी धाडावी तर वाचता येत नाही, साधा फोन करावा तर तिला काय उपयोग? सहा वर्षं बहिणीशी दोन गोष्टी झाल्या नाहीत, महाराज! आता रोज या काचेत समोर येते. हातवारे करकरून आम्ही पोटभर भांडतो. हा गेला तर माझी बहीणच गेली!" बोलता बोलता पोरीचे डोळे भरले.

"रडून हुकूम फिरत नसतो! मोबाइलनं माणसं तुटतात म्हणजे तुटतात!"

येसूनं डोळे पुसले नि फाडकन म्हणाली, "नऊ वर्षांमागं राज्यात मोबाइल कुठं होता? मग आक्कासाहेब कशानं तुटल्या?"

बाप रे!

आक्कासाहेब म्हणजे महाराजांच्या थोरल्या भगिनी, त्याही सोनपिंपळीलाच दिलेल्या. नऊ वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या पंगतीत महाराज म्हणाले होते, "आक्का, ही करंजी की धोंडा? पुढचा दात पडला माझा!" आक्कासाहेबांनी देवीची शपथ घेतली, "पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही!" हे तरी कमी का? महाराजांनीही उलट शपथ घेतली, "मीही तुझ्याशी शब्द बोलणार नाही, अक्षर लिहिणार नाही, माणूस धाडणार नाही!" तेव्हापासून दर भाऊबीजेला महाराजांना घास गोड लागत नाही. साऱ्या राज्याला ठाऊक, पण बोलणार कोण?

महाराजांनी मिशी चावली, तबकातला विडा उचलला. मग म्हणाले, "फार शहाणी ना तू? जोड तर मग! परवा भाऊबीज. आक्काला आवतण पोचव आणि होकार आण. माझी शपथ मोडायची नाही, तिचीही नाही. आणि हा विडा चघळून व्हायच्या आत! जमलं तर मोबाइल वाचले. नाही जमलं तर पहिला तुझा, तुझ्याच हातानं!" म्हणत विडा तोंडात टाकलासुद्धा.

"शब्द नाही, अक्षर नाही, माणूस नाही, तोंडही दिसायचं नाही!" अंताजीपंत पुटपुटले. "मग काय वास धाडायचा?"

येसूनं झटकन मोबाइल काढला. काचेत ठकू आली. ती आक्कासाहेबांच्याच स्वयंपाकघरात राबायची. येसूनं नाकापाशी बोटांनी हीऽऽ मोठी नथ काढून दाखवली, आक्कासाहेबांची खूण. ठकू खुदकन हसली आणि धूम पळाली.

"महाराज, इकडं बघा. अवाक्षर बोलू नका! तोंडात विडा आहे ते बरंच झालं." येसूनं काचेवर एक टिचकी मारली.

आणि काचेतून महाराज गायब! त्यांच्या जागी गुलाबी नाक, टोकदार मिशा आणि डोक्यावर लांबच लांब दोन कान. अस्सल ससा! अंताजीपंतांनी उपरणं तोंडात कोंबलं.

"'चुकलं' हे न बोलता कसं सांगतात, महाराज?" येसूनं विचारलं.

महाराजांनी डोळे वटारले. विडा संपत आला होता. शेवटी दोन्ही हातांनी हळूच कान धरले. मग काय वाटलं कोण जाणे, भर दरबारात एक उठाबशीही काढली!

तिकडून काचेत मोठी नथ डोकावली. "अगो बाई, हा कुठला प्राणी?" सशानं कपाळाला बोट लावून टिळा केला, हातानं आरती ओवाळली आणि घास भरवल्यासारखा आ केला नि पुन्हा कान धरले. आक्कासाहेब डोळे बारीक करून बघत राहिल्या. "पुढचा दात नाही या सशाला!" आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या की नथ काढून हातात घ्यावी लागली. हसता हसता रडायलाच लागल्या. "येते रे, रंग्या, येते! परवा ओवाळायला येते! करंज्यांत चांगलं तुपाचं मोहन घालते. सोड ते कान, उपटतील!"

महाराजांनी विडा गिळला.

"शपथ मोडली!" अंताजीपंत ओरडले. "आक्कासाहेबांनी तोंड पाहिलं!"

"कुणाचं तोंड?" येसू गर्रकन वळली. "पाहिलं ते तर सशाचं! दिवाणजी, आपल्या महाराजांचं तोंड सशासारखं आहे, असं म्हणायचंय का तुम्हांला?"

"छे छे! कोण म्हणतं? मुळीच नाही!" अंताजीपंतांना घाम फुटला.

महाराज सिंहासनावर मांड्या थोपटत खो खो हसत सुटले. हसू आवरेना, डोळे थांबेनात. "हरलो, पोरी, हरलो! हुकूम मागं! हे सोन्याचं कडं घे. गडाच्या बुरुजावर टॉवर उभा राहील. आणि परवा आक्काच्या गाडीत तुझी ठकूही येईल, चांगली महिनाभर माहेराला!"

इतका वेळ चुरूचुरू बोलणारी येसू एक शब्द बोलली नाही. काचेत ठकू थांबलीच होती. तिच्याकडं वळून येसू दोन्ही हातांनी भराभरा सांगतच सुटली.