समेचा आकडा

“...मग ती पोरगी काय म्हणाली?” सखाबुवांनी विचारलं. हातातला विडा तोंडाशी येऊन थांबला होता.

“बुवा, ती पोरं दगड आहेत. तुम्ही गंड्याचं बोला.”

हा हेरंब दातार. संगीत विशारद, पहिल्या श्रेणीत. चार वर्षं बुवांकडे शिकत होता आणि गंड्यासाठी अडून बसला होता. गंडा म्हणजे गुरूने मनगटाला बांधायचा साधा दोरा. पण तो बांधला की माणूस बुवांचा शागीर्द. नाही बांधला तर नुसता येणारा-जाणारा.

बुवांनी महिन्यापूर्वी अट घातली होती. गावच्या शाळेत तिसरीच्या पोरांना गाणं शिकव. सगळी एकदम समेवर आली, की गंडा बांधतो.

सखाबुवा म्हणजे मोठे गवई. त्यांचा षड्ज लागला की समोरच्या पाटलांची म्हैस अर्धा लिटर दूध जास्त द्यायची. मी स्वतः पाहिलंय. म्हणजे, म्हैस पाहिलीय.

“दगड कशी रे?”

“तीन आठवडे तीनताल शिकवला. सोळा मात्रा, बोटांवर मोजून. काल विचारलं, सम कुठे येते? तर अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, ‘दोन, चार, सहा, आठ, दहा!’”

“एका सुरात?”

“हो.”

“मग सूर तरी आला म्हणायचा...”

“थट्टा नको, बुवा. मी समजावलं, ती गणितातली सम. गाण्यातली सम म्हणजे पहिली मात्रा, जिथून ताल सुटतो आणि जिथे परत येतो. सम म्हणजे एक. तर ती तमन्ना मुजावर उठून म्हणते, ‘एक तर विषम असतोय की, सर!’”

बुवांनी विडा तबकात परत ठेवला. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“तू काय सांगितलंस?”

“खाली बस म्हणालो.”

“आणि?”

“बसली.”

“...का रे हेरंबा? एक विषम, तरी सम का?”

“तसं... म्हणतात, बुवा.”

“साठ वर्षं समेवर येतोय,” बुवा स्वतःशीच म्हणाले. “हे मला कुणी विचारलंच नाही.”

ते उठले. डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्या पायात.

“कुठे निघालात?”

“विचारायला.”

शाळेत शिरून बुवा थेट तिसरीच्या वर्गात, तमन्नासमोर फरशीवर मांडी घालून बसले. हेरंब दारातच उभा राहिला, हाताची घडी घालून.

“बाळ, एक विषम असतो ना?”

“असतोय.”

“मग आम्ही गाणारे त्याला सम का म्हणतो?”

“तुम्हाला पण माहीत नाही?”

“नाही.”

तमन्नाला जरा बरं वाटलेलं दिसलं. ती पेन्सिल चावू लागली.

“तुम्ही एकटेच गाता, आजोबा?”

“तबलेवाला असतो की.”

“तो पण एकावर येतोय?”

“दोघंही येतो. एकदमच.”

“...हात करा.”

बुवांनी पंजा पुढे केला. तिने त्यावर फाडकन टाळी दिली.

“तुमचा एक, त्याचा एक. किती झालं?”

“...दोन.”

“मग? झाली की सम!”

बुवांचं तोंड उघडं राहिलं ते मोजून सोळा मात्रा.

मग त्यांनी तमन्नासमोर पुन्हा पंजा धरला आणि मोजायला लागले. पोरांना सांगावं लागलं नाही. जो तो शेजाऱ्याकडे वळला. एक, दोन, तीन... पंधरा, सोळा आणि—

एकच टाळी! पत्र्यावरची कबुतरं उडाली ती अजून खाली उतरलेली नाहीत.

शेवटच्या ओळीत एक मुलगी तेवढी उरली. वर्गात पोरं चाळीस. तमन्नाची जोडी बुवांशी जमल्यामुळे हिला जोडीदार उरला नव्हता. तिने पंजा दारातल्या सरांकडे धरला होता. तो तसाच हवेत.

“आली, बुवा!” हेरंब तिच्या शेजारून धावतच पुढे आला. “सगळी एकदम समेवर आली!”

त्याने बाही वर सारली आणि उजवं मनगट बुवांपुढे धरलं.

बुवांनी मागच्या ओळीतल्या त्या हाताकडे पाहिलं... मग या हाताकडे पाहिलं.

“विषम आहे रे, हेरंबा.”